आबांचं खाकरणं

म्हसावद, ६ जानेवारी २०२५

चि. सौ. रविनास आईचे अनेक आशीर्वाद. फोनवर मला ओरडून बोलावं लागतं आणि भिंतीपलीकडे फुलवंतामावशीला सगळं ऐकू जातं, म्हणून पत्र.

तिचे मालक रेवजीआबा जाऊन महिना झाला. तुला आठवतं ना, कुणाच्याही अंगणात शिरण्याआधी आबा दोनदा खाकरायचे, बायांनी पदर सावरून घ्यावा म्हणून. परवा दिवेलागणीला मी भाकरी थापत होते आणि दारात तसंच खाकरणं आलं. मी सवयीने पदर घेतला, या आबा असंही म्हणून गेले. वळून बघते तर अंगण रिकामं. मला वाटलं माझंच डोकं फिरलं, पण समोरच्या इंद्रसिंगच्या सुनेनेही ऐकलंय. आता रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात ऐकू येतं.

मावशीला कळलं तेव्हा ती घाबरली नाही, रुसली. 'सर्वासना घर जातस, मन्हाकडे काबर येत नही?' म्हणून रडली. उंबऱ्याशी बसून असते, अन्नाला शिवत नाही. मुलं सुरतेला न्यायला आली, त्यांना परत पाठवलं. अशाने ती जाईल गं. तू शिकलेली, काही समजूत सुचव.

तुझी आई

नाशिक, १३ जानेवारी

ती. आईस सा. न. वि. वि. पत्र वाचून अंगावर काटा आला, मग रडले. पपई कापली की आबा पहिली फोड मावशीला द्यायचे, मग नातवंडांना, मग मला. स्वतः सालीचा गर खरवडून खायचे. त्यांची भीती कशी वाटावी? तरी तू दार लावत जा. मेलेल्या माणसाला या म्हणणारी तूच एक!

मावशीला सांग, माणूस परक्याच्या दारात खाकरतो, स्वतःच्या घरी सरळ आत येतो. तेव्हा आबा घरातच असतील. माझा यावर विश्वास नाही, पण तिच्या पोटात दोन घास जातील. तब्येत सांभाळ, माझ्यावर रागावत राहा.

तुझीच रविना

२४ जानेवारी

चि. सौ. रविनास आशीर्वाद. तुझी समजूत फार पटली तिला, तिथेच घात झाला. त्याच संध्याकाळी तिने दोन पाट मांडले, आणि गल्लीतलं खाकरणं त्याच दिवसापासून बंद झालं. भिंतीतून तिचं बोलणं ऐकू येतं. मीठ पुरलं का, आणखी वाढू का, असं विचारते. मध्ये थांबते, मग हसते.

मला वाटलं, जेवतेय तरी. काल डाळ घेऊन गेले तर आबांचं ताट भरलेलं, तिचं कोरडं. हाताच्या काड्या झाल्यात. मी रागावले, तर म्हणाली, त्यांचं झाल्याशिवाय मी कधी जेवलेय का? आणि त्यांचं होतच नाही. रविना, हे आपण करून ठेवलंय. लवकर ये.

आई

२९ जानेवारी

चि. सौ. रविनास आशीर्वाद. निघण्याआधी हे वाच.

काल संध्याकाळी मी मावशीजवळ बसले होते. ती पाटासमोर ताट ठेवून आणखी वाढू का विचारत होती, तेवढ्यात बाहेर खाकरणं आलं. दोनदा, तिच्याच दारात. ती आनंदाने उठली आणि अर्ध्यात थांबली. तिला कळलं, मलाही कळलं. परक्याच्या घरी यावं तसे आबा बाहेर थांबले होते. मग इतके दिवस आत ही कुणाला वाढत होती? मी पाटाकडे बघितलंच नाही.

दार उघडं होतं. ओट्यावर कुणी नव्हतं. मावशीने परक्या माणसासमोर घ्यावा तसा कपाळाखाली पदर ओढला. या म्हणाली नाही. दाराकडे बघत हळूच म्हणाली, 'जावा आते. मी जेवी लिसू.'

नंतर तिने आबांचं ताट स्वतःपुढे ओढलं आणि गार भाकरी डाळीत कुस्करून खाल्ली. रडत रडत खाल्ली, पण सगळी खाल्ली.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी आई कौसाबाई