एक्केचाळीस सेकंदांचा लॅग

रविवार, ७ जून. संध्याकाळी ८.१०

घडलं ते असं:

१. ७.४० ला मी ऑनलाइन बेटावर लॉगिन केलं. माझ्या अवताराला काजव्यांचा नवा झगा घातला होता. धक्क्यावर दीपगृहवाला एकटाच उभा होता.
२. तो माईकवर बोलतो, मी टाइप करते. तो म्हणाला, "बरेच दिवस एक विचारायचं होतं. विचारू का?"
३. मी लिहिलं, "विचारा."
४. स्क्रीन गोठली. आवाज गेला. समुद्र थांबला. माझा एक पाय हवेत.
५. एक्केचाळीस सेकंद.
६. आवाज परत आला तेव्हा तो म्हणत होता, "मग? काय म्हणता?"
७. मी लिहिलं, "हो."
८. तो तीन उड्या मारून ऑफलाइन गेला.

सोमवार, ८ जून

मी नेटवर्क इंजिनिअर आहे. एका बँकेच्या दोनशे बारा शाखांचं नेटवर्क सांभाळते. "परत सांगता का, ऐकू आलं नाही" असं त्याला विचारणं शक्य नाही. गेले सहा महिने त्याच्या वाय-फायवर मी त्याला लेक्चर देतेय.

(तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. बेटावरचं दीपगृह त्याने एकट्याने बांधलं. त्याचा आवाज बरा आहे. फक्त नोंद.)

आधी लॅगचं, म्हणजे या गोठण्याचं, कारण शोधायचं. मग प्रश्न काय होता ते कळेलच. कसं, ते नंतर बघू.

पिंग १८ मिलिसेकंद. म्हणजे लाइन ठणठणीत. संशय घरातल्या माणसांवर.

मंगळवार, ९ जून

हॉलमधून वीस मीटर केबल टाकली. संध्याकाळी सात ते आठ या वेळेत घरात कुणीही इंटरनेट वापरायचं नाही, असा नियम केला. आई म्हणाली, मावशीचा व्हिडिओ कॉल सातलाच येतो, तिला काय सांगू, पोरगी समुद्रावर गेलीय म्हणून? बाबा केबलला अडखळले आणि म्हणाले, आपण घरात राहतो की टेलिफोन एक्स्चेंजमध्ये? दोघांनाही सिस्टिमची समज नाही.

बेटावर जाताना अवताराचे केस बदलले. कमरेपर्यंत, प्रत्येक बट वाऱ्यावर वेगळी हलते. याचा लॅगशी संबंध नाही.

लॅग वाढला.

गुरुवार, ११ जून

दीपगृहवाला भेटला. मी काही लिहायच्या आत म्हणाला, "मी आईला सांगून टाकलं बरं का. तिला इतका आनंद झाला की—"

स्क्रीन गोठली.

ताईला तिच्या दवाखान्यात फोन केला. ती दातांची डॉक्टर. म्हणाली, "अगं, कशाला हो म्हणालीस तेही माहीत नाही? आणि त्याच्या आईला माहीत आहे?" मग तीन मिनिटं हसली. माझ्या अंदाजाने खुर्चीतल्या पेशंटचं तोंड तेवढा वेळ उघडंच होतं.

मी अजिबात अस्वस्थ नाही. केबलचं टोक बसवताना ओट्याशी गिरकी घेतली ती पायाला मुंग्या आल्या म्हणून. दोनदा घेतली, कारण पाय दोन आहेत.

शुक्रवार, १२ जून

नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं. पंख्याचा आवाज एवढा की बाबा म्हणाले, आता हे उडणार.

कानात चंद्रकोरीचे डूल घातले. त्यांत समुद्राचं प्रतिबिंब दिसतं. हलतं. दोन्ही डुलांत वेगळं.

लॅग तसाच.

शनिवार, १३ जून

गुन्हेगार सापडला. दीपगृह.

त्याचा झोत सतत फिरतो, म्हणजे प्रत्येक वस्तूची सावली दर क्षणाला नव्याने काढावी लागते. अकरा पानी रिपोर्ट लिहिला, सहा आलेख जोडले आणि बेटमालकिणीला पाठवला. (या भूगोलाच्या निवृत्त बाई.) शिफारस: दीपगृह तत्काळ बंद करावं.

बांधणाऱ्याला वाईट वाटेल का, हा मुद्दा तांत्रिक नसल्यामुळे घेतला नाही.

रविवार, १४ जून

बाईंनी प्रयोग म्हणून दीपगृह बंद केलं. बेटावर अंधार. दीपगृहवाला पायऱ्यांवर बसला होता. हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाला आवडत नव्हतं, तर मला सांगायचं. रिपोर्ट कशाला? आणि मग हो तरी कशाला म्हणालात?"

मी टाइप करायला घेतलं. स्क्रीन गोठली. अठ्ठावन्न सेकंद. चित्र आलं तेव्हा पायऱ्या रिकाम्या.

आज जेवले नाही. भूक नव्हती, कारण दुपारी बिस्किटं खाल्ली होती. दोन.

मंगळवार, १६ जून. संध्याकाळी ७.५०

बेटमालकीण बाईंचा फोन आला. त्यांनी बेटावरच्या प्रत्येक गोष्टीचा भार मोजला. दीपगृह: दोन टक्के. बाकी एकतीस माणसं, शेळ्या आणि सगळी झाडं मिळून: चोवीस टक्के.

मी: चौऱ्याहत्तर टक्के.

केसांच्या चारशे बटा, प्रत्येकीला स्वतंत्र प्रोग्राम. काजवे तीनशे. डुलांमध्ये दोन समुद्र.

बाई म्हणाल्या, "अगं बाई, तू आलीस की आम्ही सगळे चहा ठेवायला उठतो. तू पूर्ण दिसेपर्यंत चहा उकळतो." मी विचारलं, मग मला कुणी सांगितलं कसं नाही? त्या म्हणाल्या, "सांगणार कसं? तू असलीस की कुणाचाच आवाज पुढे जात नाही."

रिपोर्ट पुन्हा वाचला. अकरा पानांत मी सगळ्यांना मोजलंय. शेळ्यांनासुद्धा. स्वतःला नाही.

केस, काजवे, डूल काढले. टकली होऊन, साध्या सदऱ्यात धक्क्यावर उभी राहिले. बाईंनी दीपगृह पुन्हा सुरू केलं. समुद्र इतका सुरळीत हलत होता की जणू मी तो याआधी कधी पाहिलाच नव्हता.

तो आला नाही. त्याला पुढील मेसेज पाठवला. चार वेळा तपासला, चुका नाहीत.

"७ जूनला धक्क्यावर तुम्ही विचारलेला प्रश्न मला ऐकू आला नाही. दोष माझ्या झग्यावरच्या काजव्यांचा होता, दीपगृहाचा नाही. दीपगृह मला आवडतं. रिपोर्ट चुकीचा होता, तो मी मागे घेतला आहे. माझं 'हो' प्रश्न न ऐकता दिलेलं होतं. ते मागे घेतलेलं नाही. कृपया प्रश्न पुन्हा एकदा, शक्यतो लेखी, पाठवावा. शुक्रवार, १९ जून, संध्याकाळी सातपर्यंत कळवावं."