चौथ्या भागातला स्वार

अमरावती, शनिवार संध्याकाळ

धाकटा आज वलगावहून वांगी विकायला आला आणि मला ओढतच सिनेमाला घेऊन गेला. मुखवटेवाल्या स्वाराचा चौथा भाग. पहिल्या तिन्ही भागांत तो मुखवटा माझ्या तोंडावर होता. नाडीचे वळ अजून कानामागे आहेत. चांगली नाटक कंपनी सोडून सिनेमात गेलो होतो मी. शेवटी सिनेमा काढणाऱ्या शेठला म्हणालो, एकदा तरी लोकांना माझा चेहरा दिसू द्या. त्याने मलाच काढलं आणि मुखवटा दुसऱ्याला बांधला. घरी सांगितलंय, सुटीवर आलो.

कोण हा माणूस? घोड्यावर पोत्यासारखा बसतो. तरी शिट्ट्या तेवढ्याच. अक्कलशून्य लोक. परवा काम मागायला गेलो, तर अकोल्याचा नाटकवाला म्हणाला, "तुमाले पाह्यलं कोनं?" त्याच्यावर उगाच चिडलो का मी?

अंधारात हात सारखा कानामागे जात होता. बाहेर पडल्यावर धाकट्याला सगळं सांगून टाकायचं ठरवलं. तोंड उघडणार, तोच त्याने खांद्यावर हात ठेवला.

"दादा, खरं सांगू? मांगच्या तीनही भागांपेक्षा या बारी तू लय चांगला वाटला."