डेमो १

३ मार्च
आजपासून रोजनिशी. वाचणारा फक्त मी. म्हणजे वाचक दर्जेदार.
लॅबमध्ये नवीन मशीन आलं. वीर्याचा थेंब काचेवर ठेवायचा, कॅमेरा शुक्राणू मोजतो, कोण किती जोरात पळतंय ते बघतो आणि शंभरपैकी मार्क देतो. हा माणूस बाप होईल की नाही. ऑपरेटर मी. म्हणजे खरं तर मार्क मीच देतो.
संकल्प: या वर्षी स्वतः बाप.

४ मार्च
तेरा नवरे. सहा पास. नापासांना मी मनात नावं ठेवतो, लक्षात राहायला बरं. सकाळी ‘कासव’. मग ‘रिकामी बाटली’. सहा फुटी, जिम चालवतो, आणि मार्क शून्य. खिडकीतून विचारतो, साहेब, मशीन चुकत असेल ना? मी म्हणालो, मशीन नाही चुकत, माणूस चुकतो. छान वाक्य. परत वापरायचं.

७ मार्च
बायकोची दोन वर्षं इंजेक्शनं चालू आहेत. पोटावर निळे डाग पडलेत. मी त्याला नकाशा म्हणतो. तिला हसू येत नाही. हार्मोन असणार.
आज तिच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुर्बिणीतून ऑपरेशन करून बघू, पण आधी मिस्टरांचा रिपोर्ट. आत्तापर्यंत ‘मी त्याच लाईनीत आहे, माझं झालंय चेक’ एवढ्यावर भागत होतं. आता म्हणे कागद हवा. आई म्हणाली, हिच्याच घराण्यात उशिरा होतात. आईचा अंदाज चुकत नाही.

९ मार्च, दुपारी दीड
लॅबच्या मुख्य मॅडम जेवायला गेल्या. स्वतःचा नमुना लावला. नाव टाकलं ‘डेमो १’. शून्य.

पावणेदोन
काच बदलली. शून्य.

दोन
लेन्स पुसली. शून्य. मशीन चुकतंय.

सव्वादोन
सापडलं! कमीत कमी केवढा ठिपका मोजायचा याची अट कंपनीने फारच कडक ठेवलीय. सैल केली. पडद्यावर काय गर्दी! आकाराने बारीक, पण चपळ. स्वतःच्या नावाने प्रिंट काढली: ७४. शाळेत कधी एवढे पडले नव्हते.

१० मार्च
बायको कागदाकडे बराच वेळ बघत बसली. म्हणाली, म्हणजे माझ्यातच काहीतरी आहे. मी मोठ्या मनाने म्हटलं, असू दे गं, मी आहे ना. ऑपरेशन सतराला.

१४ मार्च
या आठवड्यात एकही नापास नाही. मॅडमना म्हणालो, माझ्या हाताला गुण आहे. त्यांनी आठवड्याचं रजिस्टर मागवून घेतलं. जळतात.
रिकामी बाटली परत आला. ६९! खिडकीतून माझा हात धरून रडला. एवढा मोठा माणूस. म्हणाला, आता बायकोलाच घालतो ऑपरेशनला, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे. म्हटलं, शाब्बास.

१७ मार्च
ऑपरेशन झालं. तीन टाके. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं स्वच्छ आहे, काहीही दोष नाही. बायकोने शुद्धीवर आल्या आल्या विचारलं, सापडलं का काही? नाही म्हटलं तर रडायला लागली. चांगल्या बातमीलाही रडते. हिचं काय करायचं?

१९ मार्च
मॅडमनी कालपासून उघड्या राहिलेल्या सलाइनचा थेंब मशीनला लावला. नुसतं पाणी आणि त्यात तरंगती धूळ. मार्क ७१. मॅडमनी शांतपणे विचारलं, हे पाणी बाप होणार आहे का? सेटिंग कुणी बदललं?
मी म्हणालो, व्होल्टेज.
सेटिंग पूर्ववत. नऊ तारखेपासूनच्या सगळ्यांना फोन करून फेरतपासणीला बोलवायचं. वाक्य मॅडमनीच लिहून दिलं: तुमचा रिपोर्ट चुकीचा होता, त्यावर विसंबून कोणताही उपचार करू नका. फोन कुणी करायचे? मी. माणुसकी राहिली नाही.

२१ मार्च
चौऱ्याऐंशी फोन. घसा बसला. रिकामी बाटली म्हणाला, बायकोला कालच घातलं ऑपरेशनला. मग म्हणाला, साहेब, मशीन नाही चुकत ना? मी फोन ठेवला. रेंज नव्हती.
यादीत पहिलं नाव माझंच, नंबर घरचा. मॅडमना म्हटलं, हा एक नंबर लागत नाही. त्यांनी नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि स्वतःच फोन लावला, स्पीकरवर. बायकोनेच उचलला. मॅडमनी कागदावरचं वाक्य जसंच्या तसं वाचलं. बायकोने एकच विचारलं, हा रिपोर्ट माझ्या ऑपरेशनच्या आधीचा की नंतरचा?

२३ मार्च
बायको माहेरी. टाके सुकले की येईल, असं आई म्हणते. टाके काल काढले.

२४ मार्च
मॅडमना मशीनमध्ये ‘डेमो १’चा व्हिडिओ सापडला. कुणाचा, ते विचारलं नाही. म्हणाल्या, इतकं निर्भेळ शून्य शोधून मिळत नाही. रोज सकाळी पेशंट यायच्या आधी हाच लावायचा. शून्य आलं तर मशीन ठीक. रजिस्टरमध्ये नोंद, खाली ऑपरेटरची सही.
लॅबने माझ्या नमुन्याला मापदंड मानलं. हेही काही थोडं नाही.

२५ मार्च, सकाळी नऊ
डेमो १. शून्य. मशीन ठीक. सही केली.

२६ मार्च, सकाळी नऊ
शून्य. मशीन ठीक. सही.