अंबूचं कॉलेज आणि अंबूची नीट

ता. ३ डिसेंबर
गुलबर्ग्याला येऊन आठ दिवस. मुलगा-सून संतपूरला तुरीच्या काढणीत अडकलेले, म्हणून नातीजवळ राहायला मी. स्वयंपाक येतो, एवढंच म्हणायचं. भाकरी बघून घरमालकीण शांताक्का म्हणाली, "अप्पा, हा कुठल्या जिल्ह्याचा नकाशा?" मग तिनेच वरण पाठवलं.

अंबूचा दिवस : स. सहाला नीटचा क्लास, साडेनऊला कॉलेज, चारला परत, पुन्हा पुस्तक. मार्चमध्ये बारावी, मेमध्ये नीट. कॉलेजात पानंच्या पानं लिहायची, क्लासात नुसते गोळे काळे करायचे. क्लासचे सर म्हणतात, बारावी पास झालीस तरी पुरे. कॉलेजचे म्हणतात, प्रॅक्टिकलच्या वहीवर सही नसेल तर परीक्षेला बसू देणार नाही. एका डोक्यात दोन्ही कसं मावायचं?

अंबू म्हणते, "दोन्ही करायले की मी. तुम्ही कामून घाबरायलाव?"

घाबरत नाही. मलाही गोळा येतो, पण पोटात.

ता. ११ डिसेंबर
गावाहून फोन. "नात काय करायलीय?" म्हटलं, नातीची नीट आहे. तिकडून, "नीट हाय ना, मग झालं की!" या परीक्षेचं नाव कुणी ठेवलं कोण जाणे.

मी चौथी शिकलेला. अंबूने इंग्रजी प्रश्न आणि उत्तरं मराठी अक्षरांत लिहून दिलीत. मी विचारायचं, ती बोलेल ते कागदाशी जुळतं का बघायचं. अर्थ मला कळत नाही, जुळणं कळतं. आज एका प्रश्नाला अंबू म्हणाली, हे तुरीच्या मुळावरच्या गाठींचं. मी कागद खाली ठेवला. म्हटलं, ही गाठ फोडली की आत गुलाबी निघते. अंबू बघतच राहिली.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुरीनं."

तो रंग आपल्या रक्तातल्या रंगाच्या भावकीतला आहे म्हणे. पन्नास वर्षं तूर उपटली, आज कळलं. दिवसभर तेच डोक्यात.

ता. २१ डिसेंबर
प्रॅक्टिकलच्या तीन वह्या उद्या द्यायच्या. आकृत्या काढून पोरीची बोटं दुखायलीत, त्यात क्लासची टेस्टही उद्याच. म्हटलं, कव्हरं मी घालतो. खाकी कागद, मापात घड्या. "वर नुसता नंबर टाका अप्पा. अकरा." लहानपणी गुरुजींनी माझं अक्षर वर्गाला दाखवलं होतं. तिन्ही वह्यांवर ठळक ११ काढले. अंबू म्हणाली, झकास.

एवढं तरी माझ्या हातून झालं.

ता. ८ जानेवारी
सगळ्या मुलींच्या वह्या सही होऊन आल्या. अंबूच्या तिन्ही नाहीत. शिपाई म्हणतो, अकरा नंबरच्या वह्या आल्याच नाहीत. आल्या नाहीत म्हणजे? मी घातलेली कव्हरं होती ती! प्रॅक्टिकल पंधरा दिवसांवर.

ता. १० जानेवारी
अंबू पहिल्यापासून लिहायलीय. उद्याची टेस्ट सोडणार म्हणे. "एक सोडल्यानं काय हुतंय अप्पा." दोन्ही करणार म्हणत होती, तिच्या तोंडून हे. आज एक टेस्ट, उद्या क्लास, परवा... बी.पी.ची गोळी घेतली का ते चारदा बघितलं. घेतली होती.

ता. १२ जानेवारी
तिला न सांगता कॉलेजात गेलो. केमिस्ट्रीचे सर कानडी, पण माझ्याशी आपल्या गुलबर्गी उर्दूत बोलले. बोलता बोलता माझी नजर कपाटावर गेली. खाकी कव्हरं! मी ओरडलोच.

सर म्हणाले, "अज्जा, वो निन्नानवे नंबर की हैं. अपनी क्लास में साठच बच्चियाँ. किसकी हैं करके पूछ पूछके थक गया."

"सर, ये ग्यारा है. मराठी का ग्यारा."

सरांनी वही डोळ्याजवळ नेली, लांब धरली. मग टेबलावर हात मारून असे हसले की शिपाई धावत आला. आपला १ म्हणजे त्यांच्या कानडीतला नऊ! आतल्या पानावर अंबूचं नाव इंग्रजीत होतं, पण आत बघतो कोण. मला नि अंबूला हे कसं दिसणार? आम्हाला ते अकराच दिसतं.

सरांनी तिथंच बसून वह्या तपासल्या, बाकी दोन्ही सरांनाही बोलावलं. सह्या झाल्या. मग मला पेन दिला : "लिखो अज्जा. एक काडी, बाजू में और एक काडी." इंग्रजी अकरा काढले, काड्या तिरप्या आल्या.

घरी सांगायचं धाडस होईना. वह्या पुढे केल्या, मग नव्याण्णवाची गोष्ट सांगितली. अंबू आधी रागावली, मग हसता हसता तिला उचकी लागली. "टेस्टमध्ये कधी नव्याण्णव आले न्हाईत मला. तुम्ही फुकट दिले."

टेस्ट मात्र गेलीच.

ता. २ फेब्रुवारी
प्रॅक्टिकल चांगलं झालं. क्लासमध्ये नंबर घसरला. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "कॉलेजला फिरायला गेली होतीस वाटतं." अंबू म्हणाली, "व्हय सर. तुम्ही द्रावणाचा रंग बदलतो म्हणून सांगता, तो प्रॅक्टिकलला बदलताना बघून आले." मला सांगताना तिचे कान लाल झाले होते. सर चिडले तर? शिकवायचं थांबवलं तर? तिला म्हटलं, जरा जपून. मनात म्हटलं, शाब्बास.

ता. ९ एप्रिल
बारावीचा निकाल. पहिल्या वर्गात, बायॉलॉजीत तर शंभराला दोनच कमी. संतपूरहून फोनवर फोन. मी म्हटलं, अजून अर्धं आहे. शांताक्का म्हणाली, "मग अर्धं तरी हसा की अप्पा." हसलो.

ता. ४ मे
काल नीट झाली. गेटवर कानातलं काढायला लावलं, ते मुठीत धरून सावलीत बसलो. बाहेर आली तोवर तळहाताला छाप. पेपर कसा गेला, हे विचारायचं नाही असं ठरवलेलं. "भूक लागलीय" म्हणाली. हे चांगलं का वाईट?

आज क्लासने उत्तरं पाठवली. अंबू आत पेन्सिल घेऊन जुळवायलीय, मी पायरीवर. बरोबर आलं की "हं", चुकलं की "च्". फिजिक्सला ओळीने पाच "च्" आले, मी पायरीवरून उठलो, परत बसलो. बायॉलॉजीला नुसतं हं-हं-हं, जणू झाडावर होला पक्षीच घुमतोय. काय झालं म्हणून शांताक्काने कानडीत "एनायतु?" विचारलं, तिला बोटाने गप्प केलं. केमिस्ट्रीला एक हं, एक च्. दोन हं. एक च्.

आता दहा मिनिटं आवाज नाही. बेरीज करत असेल.

आतून हाक : "अप्पा, चहा ठेवा. तिघांचा. शांताक्कालाही बोलवा."

आनंद असला तरी चहाच, रडायचं असलं तरी चहाच. आधण ठेवलंय. साखर किती घालू, ते विचारायला आत जातो.