तिन्ही फेज सारखेच काळे

प्रिय ओयनिसो आपा,

तुला खुजंदला लेकीकडे जाऊन दोन वर्षं झाली आणि या दोन वर्षांत मी फोनवर तुला हवापाण्यापलीकडे काही सांगितलं नाही. तू विचारतेस, "बरं आहे ना सगळं?" मी म्हणतो, "बरं आहे," आणि फोन तुझ्या भावजयीच्या, गुलरुखच्या हातात देऊन अंगणात निघून जातो. मला वाटतं, तुला ते कळत असणार. लहानपणी दहीभाताचं भांडं फोडून मी असाच अंगणात जायचो आणि तू माझ्याऐवजी आईची बोलणी खायचीस. आज कागदावर लिहितोय, कारण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मग मला जे सांगायचं असतं ते राहून जातं.

आधी बातम्या सांगतो. जर्दाळू उतरवून झाले, सगळ्या गच्च्या पिवळ्या झाल्यात. गुलरुखनं तुझ्यासाठी एक पिशवी बाजूला काढली आहे, आंबट झाडाची, तुला आवडतात तसली. शरोफत मावशीची कंबर धरलीय, पण तोंड चालू आहे. तुझ्या वर्कशॉपात आता शवकत नावाचा माणूस पंपाच्या जळक्या मोटारींत नवी तार भरतो. शहरातून आलाय, हात चांगला आहे, पण तुझ्यासारखा सफाईनं कॉइलींना धागा बांधत नाही. आणि तुझं नाव निघालं की गावात अजूनही "ती, जिच्या मोटारीनं मिर्झोरहीमची बाग वाळवली" असंच म्हणतात. ही बातमी मी तुला कधी दिली नव्हती.

तुला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी मला पहिल्यापासून लिहू दे. आपल्या टेकडीखालची पंचावन्न किलोवॅटची मोटार कालव्यातून पाणी उचलून वरच्या बागांना देते. मोटारीच्या पाटीवर शंभर अँपिअर लिहिलेलं आहे. रिले एकशेपाचवर लावायचा, म्हणजे मोटार त्याहून जास्त ओढायला लागली की थोड्या वेळात रिले ट्रिप होतो, पंप बंद पडतो आणि मोटार वाचते. आता मोटार खाली कालव्याकाठी सावलीत आणि रिले वर पत्र्याच्या खोलीत, उन्हात. चिल्ल्याच्या, म्हणजे भर उन्हाळ्याच्या, चाळीस दिवसांत ती खोली इतकी तापते की मोटारीचा काही दोष नसताना रिलेची पट्टी नुसत्या उन्हानं वाकते आणि तो उगाच ट्रिप होतो. म्हणून बाबांनी डायलच्या कडेला लाल रंगाचे दोन ठिपके काढून ठेवले होते. एक एकशेपाचला, बारमाही. दुसरा एकशेपंधराला, फक्त चिल्ल्यापुरता. पाच ऑगस्टला चिल्ला संपला की त्याच दिवशी डायल खाली. बाबांनी एकवीस वर्षं हे केलं. एकदा तापानं फणफणले होते, तेव्हा गाढवावर बसून वर गेले होते. त्यांच्यामागून हे काम माझ्याकडे आलं.

मोटार जळाली त्या वर्षीचा उन्हाळा आठवतोय ना तुला? दुसऱ्या ठिपक्यावरही रिले दिवसातून तीन-चारदा ट्रिप व्हायचा. प्रत्येक वेळी कुणीतरी ओरडायचं आणि मी तीन किलोमीटरची चढण चढून बटण दाबायला जायचो. चायखान्यात सगळे माझी चेष्टा करायचे. गावचा अध्यक्ष तोलिबजोन म्हणाला, "कुर्बोनअली, तुला आता वरच खाट टाकून देतो. बायकोला सांग, नान वर पाठव." मिर्झोरहीम चेष्टा करत नव्हता. त्याची चारशे कलमं तिसऱ्या वर्षात होती, खडकाळ उतारावर, दर चार दिवसांनी पाणी लागणारी. तो नुसता माझ्याकडे बघायचा. शेवटी जुलैच्या मध्यात मी डायल दुसऱ्या ठिपक्याच्याही पुढे ढकलला, पार शेवटपर्यंत, एकशेपंचवीसवर. मनात म्हटलं, चिल्ला संपला की आणतो खाली. आणि आपा, काय सुख मिळालं म्हणून सांगू. एकदाही हाक आली नाही. दुपारी झोपलो, संध्याकाळी माझा डफ, दोइरा, घेऊन लग्नांतून वाजवत फिरलो. लोक म्हणाले, ओयनिसोनं वसंतात मोटार काय झकास भरली आहे, बघा, बंदच पडत नाही. तुझी स्तुती ऐकून मीही मान डोलवली.

पाच ऑगस्ट आला आणि गेला. त्या दिवशी मी शेजारच्या गावात लग्नाला होतो. सहाला म्हटलं उद्या, सातला म्हटलं ऊन आहे, आणि दहाव्या दिवसानंतर मी ते मनातूनच काढून टाकलं. महिन्याच्या अखेरीस कालव्यातला गाळ आणि शेवाळ पंपात गेलं, पंप जड झाला, मोटार एकशेवीस ओढत राहिली. किती तास, कुणास ठाऊक; शेवटी ती जळाली. एकशेवीसला ज्यानं तिला थांबवायचं, त्याचं तोंड मी एकशेपंचवीसवर नेऊन बंद केलेलं होतं.

पुढचं तुला माहीत आहे. दुसरी मोटार यायला सतरा दिवस लागले. मिर्झोरहीमच्या घरातल्या बायका बादल्यांनी पाणी वर नेत होत्या, तरी चारशेतली तीनशे कलमं गेली. चायखान्यात सभा बसली. तू मोटार उघडून पाहून आली होतीस, हाताला काजळी तशीच होती. तोलिबजोननं मला विचारलं, "रिले कितीवर होता?" मी म्हणालो, "एकशेपाचवर. जाऊन बघा." दोघं जाऊन बघून आले, एकशेपाचवरच होता. मग सगळे तुझ्याकडे वळले. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "मग माझ्याच हातून काहीतरी राहिलं असेल." एवढंच. मागून मिर्झोरहीमचा भाऊ म्हणाला, "बाईच्या हातचा पुलाव आणि बाईच्या हातची मोटार. एकात मीठ कमी, एकात वार्निश कमी." सगळे हसले. आपा, मीही हसलो. तू ते पाहिलंस का, हे मला माहीत नाही. तेव्हापासून मी स्वतःला सांगत आलोय की तुझी पाठ होती.

त्यानंतर तुझ्याकडे कुणी पिठाच्या गिरणीची मोटारही भरायला आणली नाही. ज्या हातांनी तीस वर्षं या खोऱ्यातल्या मोटारी भरल्या, ते हात तू दारात बसून लोकर पिंजायला लावलेस. ईदला मी तुझ्याकडे आलो, तू मला शिरचाय दिलास, वर लोण्याचा गोळा घातलास, आणि बाबांच्या आठवणी काढल्यास. मी चहा प्यायलो. तो माझ्या घशाखाली कसा उतरला याचं मला आजही नवल वाटतं. चार महिन्यांनी तू खुजंदला गेलीस. सामान मीच गाडीत चढवलं आणि मला लाज वाटायच्या ऐवजी हायसं वाटलं.

मागच्या आठवड्यात शवकतनं मला वर्कशॉपात बोलावलं. मागच्या फळीवर त्याला एक गाठोडं सापडलं होतं, तुझ्या जुन्या ओढणीत बांधलेलं. आत जळक्या कॉइली होत्या, तिन्ही फेजच्या वेगवेगळ्या बांधलेल्या, आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तुझ्या अक्षरात सभेच्या दिवसाची तारीख. तांबं कुणी असं ठेवून देतं का, म्हणून त्याला कोडं पडलं होतं. त्यानं कॉइली माझ्यासमोर मांडल्या आणि म्हणाला, "अका, हे बघा. भरताना चूक झाली असती तर एकच जागा जळली असती. एक फेज गेला असता तर एक गट तरी कोरा राहिला असता. इथं तिन्ही सारखेच काळे आहेत. मोटार बिचारी जास्तीचं ओढत राहिली आणि रिले झोपला. तेव्हा रिलेवर कोण होतं हो?" मी म्हणालो, "आठवत नाही." त्यानं खांदे उडवले आणि चहा ओतला.

म्हणजे तुला त्याच दिवशी कळलं होतं. काजळीच्या हातांनी तू सभेत बसली होतीस तेव्हा पुरावा तुझ्या वर्कशॉपात होता, आणि तरी तू तो बांधून फळीवर ठेवलास. तू निदान चिडली असतीस, मला एक थोबाडीत दिली असतीस, तर मी तेव्हाच बोललो असतो असं मला वाटतं. पण हेही खोटं असेल. कारण मोटार जळाली त्या दिवशी जळक्या वार्निशचा वास येत असताना मी धापा टाकत वर पोचलो आणि मोटारीकडे बघण्याआधी स्क्रू-ड्रायव्हर काढून डायल एकशेपाचवर आणला. अगदी बाबांच्या ठिपक्यावर बरोबर बसवला. सभेतले दोघं जे बघून आले, ते हे.

आज शनिवार. काल दुपारी नमाजानंतर चायखान्यात सगळे बसले होते, मिर्झोरहीम, त्याचा भाऊ, तोलिबजोन, शवकत. मी ते गाठोडं सोडून मध्ये ठेवलं आणि हे पत्र, थोबाडीत देण्याच्या ओळीसकट, उभं राहून मोठ्यानं वाचलं. फक्त हा शेवटचा परिच्छेद आज लिहितोय. तोलिबजोननं रिलेच्या खोलीची किल्ली मागितली, मी दिली. मिर्झोरहीम उठला, माझ्यासमोर आला, आणि तसाच बाहेर गेला. पत्र आधी तुला पाठवायचं असं ठरवलं होतं, पण मी तुला ओळखतो. तू पहिल्याच गाडीनं येऊन म्हणाली असतीस, "वेडा आहे तो, चूक माझीच होती," आणि लोकांनी तुझंच ऐकलं असतं. म्हणून तू वाचण्याआधी गावाला वाचून दाखवलं. आपा, यावेळी तुला मला वाचवता येणार नाही.

तुझाच धाकटा,
कुर्बोनअली