लाल काच, हिरवी काच

३ फेब्रुवारी
टोमॅटो अंड्यासारखा पांढरा आला! लेन्सवर लाल काच, कॅमेऱ्यात कृष्णधवल फिल्म — लाल रंग गायबच. हिरवी काच लावली की तोच टोमॅटो काळाकुट्ट. फिल्टरचा डबा स्टुडिओच्या मालकांनी दिला. "पासपोर्ट फोटो काढून काढून डोकं गंजेल तुझं," म्हणाले. प्रिंट कौतुकानं दाखवायला घरात कोणी नाही. टोमॅटो चिरून खाल्ला.

५ फेब्रुवारी
आत्याचा फोन. "तुझ्या बाबांचं विसरणं फार वाढलंय गं. ओळखतायत तोवर येऊन जा." बघते म्हटलं आणि ठेवला.

नाही जाणार! घर सोडल्यावर मी दोन पानी पत्र लिहिलं होतं, रडत रडत. बाबा छापखान्यात प्रुफं तपासायचे. माझं पत्रही लाल शाईनं तपासून परत पाठवलं त्यांनी. पहिलं पान पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. दुसरं उलटलंसुद्धा नाही. अकरा वर्षं झाली त्याला.

६ फेब्रुवारी
सुट्टी. दिवसभर कोणाशी एक शब्द नाही. फार एकटं वाटलं.

८ फेब्रुवारी
माळ्यावरच्या पेटीतून ते पत्र काढलं. पाणी झिरपून लाल शाई फुटलेली. दुसरं पान तर नुसतं गुलाबी. म्हटलं, लावू लाल काच, बाबांना पुसूनच टाकू. पुसले गेले! माझी निळी अक्षरं तेवढी स्वच्छ उभी राहिली. वाचली. 'माझ्यासाठी तुम्ही मेलात' — असं लिहिलं होतं मी? साफ विसरले होते. चांगलीच जिरली माझी.

११ फेब्रुवारी
दुपारी स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं. चाळा म्हणून दुसऱ्या पानाचा हिरव्या काचेतून फोटो घेतला. डार्करूममध्ये प्रिंट ट्रेत हलवत होते. तळाच्या समासात बाबांचं बारीक अक्षर हळूहळू काळं होत गेलं — "हात सवयीनं चालला, रागावू नकोस. चूक माझीही आहे. कधी येतेस ते फोन करून कळव."

मी तिथंच जमिनीवर बसून ते पुन्हा पुन्हा वाचलं. मालक दाराबाहेरून विचारत होते, "अगं, चक्कर आली का?"

१२ फेब्रुवारी
घरी फोन केला. बाबांनीच उचलला. म्हटलं, "बाबा, मी बोलतेय."

"कोण? हे बघा, फोन अडवून ठेवू नका. माझ्या मुलीचा यायचाय."