खालच्या खोलीचा ताबा

अब्बा, खालची खोली अजून आपल्या ताब्यात आलेली नाही. निकाल तुमच्या हयातीत लागला, भाडेकरूचं अपील तुमच्यामागे फेटाळलं गेलं, आणि तरी दवाखान्यात न्यायचं म्हटलं की अम्मीला मी खुर्चीत बसवून जिन्यावरून उचलून उतरवतो. तिचे गुडघे गेलेत. खाली तुम्ही कापूस पिंजायचात तिथं तिची खाट टाकायची, एवढंच आमचं मागणं. तो माणूस तिथं राहतही नाही. फलटणला दुकान थाटून बसलाय आणि इथं मोडकी कपाटं कोंडून ठेवलीत.

निकालाच्या दिवशी मी पहार घेऊन खाली निघालो होतो. तुम्ही जिन्यातच अडवलंत. "हात आवर रं. कोर्टानं हुकूम दिलाय न्हवं? मग दारबी कोर्टच उघडंल. आपून कुलपाला हात लावला तर त्येच्यात आन आपल्यात फरक काय ऱ्हायला?" मी पहार कोपऱ्यात ठेवली. पण अब्बा, कोर्ट दार उघडत नाही. हुकूम बजावून घ्यायला वेगळी दरखास्त करावी लागते. तुम्ही गेलात, तर तुमच्या जागी आमची नावं लागेपर्यंत ती पडून राहिली. मग बेलिफ वॉरंट घेऊन आला आणि कुलूप बघून माघारी गेला. तोडायची परवानगी निराळी काढायची असते म्हणे. जिंकलेल्या माणसानं अजून किती वेळा हात जोडायचे?

मागच्या आठवड्यात सगळं जुळून आलं. बेलिफ, पोलीस, कुलूपवाला, सगळे दारात उभे. बेलिफ म्हणाला, "पंच कुठायत?" पंचनाम्यावर सही करायला दोन माणसं हवी होती. तुमच्या वेळी लग्न असो की मयत, गल्लीला एक हाक पुरायची, म्हणून मी बाहेरून कुणाला आणलंच नव्हतं. हाक मारली. चहावाला कप विसळत म्हणाला, "आवं भाई, मी सवता भाड्यानं हाय. आज ह्येचं कुलूप तोडलंसा, उद्या माझा मालक माझ्याच दाराला मला पंच करंल की!" पलीकडचा शिंपी हसला आणि शटर ओढून जेवायला गेला. सगळी गल्ली भाडेकरूंची, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मशिदीतून दोन ओळखीचे घेऊन येईपर्यंत पोलिसांना दुसऱ्या बंदोबस्ताचं बोलावणं आलं. पोलीस गेले तसा बेलिफानं ताबा देता आला नाही असा शेरा मारला आणि तोही निघाला. वरून अम्मी विचारतेय, "उघडलं का रे?" मी कुलपासमोर उभा. आता पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख.

तुम्ही कायद्यावर एवढा भरवसा ठेवलात आणि कायद्यानं तुमच्या बायकोला वरच्या मजल्यावर अडकवून ठेवलं. याचा जाब मी कुणाला विचारू? जज्जसाहेबांना विचारायची सोय नाही, वकील पुढची तारीख सांगतात.

शुक्रवारी कबरस्तानात येईन, पण हे तिथं वाचून दाखवणार नाही. नमाजानंतर हात उचलले की आधी तुमच्यासाठी दुआ मागायचो. हल्ली आधी खोली मागतो.